४.२१ आणि ४.२२ यांच्यामधला अंगठा

मार्च २०२४ मधल्या एका सोमवारी आमच्या ऑस्टिनच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर जे भांडण लागलं, त्याची ही हकिकत. भांडण एका शतांश सेकंदावरून होतं. एका बाजूला टेक्सास विद्यापीठात शिकलेला आमचा टेस्टिंगचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून आलेली डेटाबेसवाली. पैज बार्बेक्यूच्या जेवणाची. पंच म्हणून मी, कारण मला अमेरिकन फुटबॉलमधलं फारसं कळत नाही यावर दोघांचंही एकमत होतं.

झालं होतं असं. शनिवारी, २ मार्चला, इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये झेवियर वर्दी हा टेक्सासचा खेळाडू ४० यार्ड ४.२१ सेकंदांत पळाला. आधीचा विक्रम ४.२२ चा, २०१७ सालचा, वॉशिंग्टनच्या जॉन रॉसचा. म्हणजे दोन्ही विद्यापीठं आमच्या टेबलावर हजर. त्यात जखम ताजी होती. दोनच महिन्यांपूर्वी, १ जानेवारीला, न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बोल या कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात वॉशिंग्टनने टेक्सासला ३७-३१ असं हरवलं होतं, आणि टेक्सासचा शेवटचा पास अगदी गोलच्या पट्ट्यात वाया गेला होता. मॅनेजरला त्याचं उट्टं काढायचं होतं. "तुमचा रॉस आता दुसरा," एवढंच तो घोकत होता. ती म्हणत होती, "एका शतांशात माझी पापणीसुद्धा लवत नाही. हा कसला विक्रम?"

प्रश्न एका ओळीचा: वर्दी रॉसपेक्षा वेगवान आहे का? मला वाटलं, दहा मिनिटांत निकाल देऊन टाकू. पुढचे दोन आठवडे मी त्यातच गुरफटलो.

हे ४० यार्ड काय प्रकरण आहे

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हा लांबुळक्या चेंडूचा, खांद्यावर गाद्या आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखं काही डोळ्यापुढे आणू नका. ऑस्टिनमधलं विद्यापीठाचं मैदानच एक लाख माणसांचं आहे. व्यावसायिक संघ आपले नवे खेळाडू याच कॉलेजांमधून उचलतात. एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, त्यात एकेक संघ आपल्या पाळीने एकेक मुलगा निवडतो. त्याच्या आधी, १९८७ पासून (२०२१ चा अपवाद सोडला तर) दरवर्षी, निवडक मुलांना इंडियानापोलिसला बोलावून त्यांची मापं काढली जातात. त्याला म्हणतात कम्बाइन. उंची, वजन, हाताचा पंजा, उभी उडी, आडवी उडी, आणि सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ती ४० यार्डांची धाव.

४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर दोन खेळपट्ट्या, चार यार्ड कमी. हाच आकडा का, याची एक गोष्ट सांगतात: क्लीव्हलँडचे जुने प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी तो धरला, कारण लाथेने उडवलेला चेंडू साधारण तेवढ्या अंतरावर पडतो आणि तिथवर पळत जाऊन तो घेणाऱ्याला गाठायचं असतं. म्हणजे मुळात हा एका विशिष्ट कामाचा अंदाज होता. आता ती मुलांच्या कुंडलीतली रास झाली आहे. कुठल्याही मुलाचं नाव काढलं की मागोमाग "फोर-थ्री", "फोर-फाइव्ह" हे येतंच.

वर्दी आणि रॉस दोघेही वाइड रिसीव्हर. काम एकच: बाजूने सुसाट पळायचं, अंगावरच्या माणसाला मागे टाकायचं आणि लांबून आलेला पास झेलायचा. वेगाची तुलना करायला यापेक्षा सोयीची जोडी मिळणार नाही. कम्बाइन तेच, स्टेडियम तेच, काम तेच. मधे फक्त सात वर्षं.

घड्याळ कोण चालू करतं

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअर किती वेळ घेतं ते मोजण्याचा आहे. कुणी म्हणालं की आमचा प्रोग्राम तुमच्यापेक्षा एवढ्या मिलिसेकंदांनी जलद आहे, तर आम्ही पहिल्यांदा विचारतो, मोजायला सुरुवात कुठून केली? तोच प्रश्न इथे विचारला आणि उत्तर वाचून खुर्चीत सरळ बसलो.

शंभर मीटरच्या शर्यतीत पिस्तूल वाजतं, त्याच क्षणी घड्याळ चालू होतं. धावणाऱ्याने आवाज ऐकून हलेपर्यंतचा वेळ त्याच्या नावावर चढतो. कम्बाइनमध्ये पिस्तूल नाही. मुलगा एक हात जमिनीला टेकवून वाकतो, स्थिर होतो, आणि त्याला वाटेल तेव्हा सुटतो. तो हलला की एक माणूस बटण दाबतो. शेवटच्या रेषेवर घड्याळ आपोआप थांबतं, पण ते सुरू होतं माणसाच्या बोटाने. बाहेर सगळे त्याला बिनधास्त 'इलेक्ट्रॉनिक टाइम' म्हणतात. अर्धं आहे इलेक्ट्रॉनिक.

दिसलेल्या हालचालीला बोट प्रतिसाद देईपर्यंत माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढा वेळ मुलगा फुकटात पळालेला असतो. तो सगळ्यांनाच सारखा फुकटात मिळाला असता तर तुलनेला काही बाधा नव्हती. पण बोट यंत्र नाही. एकाच माणसाचं बोट सकाळी आणि दुपारी दोन-चार शतांश इकडेतिकडे होतं. २०१७ आणि २०२४ मध्ये बटणावर बोट एकाच माणसाचं असलं, तरी ते दोन्ही वेळा शतांशापर्यंत सारखंच चाललं हे कोण सांगणार?

एक शतांश म्हणजे जमिनीवर किती? शेवटच्या टप्प्यात ही मुलं सेकंदाला दहा मीटरच्या आसपास पळत असतात. म्हणजे दहा सेंटिमीटर. एक मूठ.

नाना, तीन फोन आणि एक पोरगी

त्या सुमारास माझे सासरे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले होते. सांगलीकडे एका शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. तालुका-जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धांना टाइमकीपर म्हणून उभे राहून राहून त्यांचा उजवा अंगठा, त्यांच्याच शब्दांत, "सरकारी झालाय". त्यांना मी प्रकरण सांगायला घेतलं.

"वर्दी?" नाना म्हणाले. "पोलिसात आहे का?"

रविवारी सकाळी घराजवळच्या शाळेच्या मैदानावर गेलो. मैदानावर यार्डांच्या पांढऱ्या रेषा आखलेल्याच होत्या. धावायला माझी चौदा वर्षांची लेक, वेळ घ्यायला तिघं: मी, बायको आणि नाना. तिघांच्या हातात फोन. नानांची पहिली तक्रार तिथेच. स्टॉपवॉचच्या बटणाला थोडा ढिलेपणा असतो, तो आधीच दाबून घ्यायचा असतो, म्हणजे उरलेलं बटण एका झटक्यात खाली जातं. काचेवर ते कसं करायचं? "ह्याला बटणच नाही. नुसतं गालावर टिचकी मारल्यासारखं."

दुसरी तक्रार मोठी होती. "पिस्तूल नाही? मग घड्याळ कुणाच्या हुकमावर चालू करायचं?"

"ती हलली की."

"हलली म्हणजे काय? खांदा, हात की पाय?"

मला उत्तर देता आलं नाही. नाना सांगू लागले. शंभर मीटरला टाइमकीपर शेवटच्या रेषेवर असतो, पिस्तूल शंभर मीटरवर. आवाज पोचायला पाव सेकंदाहून जास्त लागतो. म्हणून आवाजावर कधीच घड्याळ सुरू करायचं नाही. पिस्तुलाच्या तोंडाचा धूर दिसला की दाबायचं. नवशिक्या मास्तरांना हे माहीत नसायचं आणि त्यांच्या लेनमधली पोरं जिल्ह्याचे विक्रम मोडायची. "पोरं कुठली मोडतात? मास्तर मोडायचे."

लेक वाकली. हात टेकवला. मग तिचा खांदा किंचित खाली गेला, वर आला, आणि ती सुटली. मी पाऊल उचललं तेव्हा दाबलं. नानांनी खांदा वर येताना दाबलं. बायकोने कधी दाबलं ते तिलाच आठवत नाही. शेवटच्या रेषेवर माझं लक्ष तिच्या पुढे आलेल्या हाताकडे, नानांचं छातीकडे. मोजायची असते ती छाती.

माझ्या फोनवर ५.८८. बायकोच्या ६.०२. नानांच्या ६.१५.

एक मुलगी, एक धाव, आणि पाव सेकंदाहून जास्त फरक. आम्ही तिघं हौशी, इंडियानापोलिसचा माणूस सराईत, हे मान्य. त्याचा फरक आमच्यापेक्षा कितीतरी कमी असणार. पण शून्य असणार नाही. आणि आम्ही भांडत होतो ते ०.०१ वरून.

यात एक गोष्ट माझ्या डोक्यात पहिल्यांदा स्पष्ट झाली. हाताने घेतलेली वेळ नेहमी कमीच का येते? कारण सुरुवात आपल्याला अचानक दिसते, तिथे बोट उशीर करतं. शेवट मात्र आपल्याकडे धावत येताना दिसत असतो, तिथे बोट आधीच तयार असतं. उशिरा सुरू, वेळेवर बंद. म्हणूनच मैदानी खेळांत शंभर मीटरची हातघड्याळाची वेळ यंत्राच्या वेळेशी ताडायची तर त्यात ०.२४ सेकंद मिळवतात. कॉलेजं आपल्याच मैदानावर चाचण्या ठेवतात आणि तिथे हातघड्याळावर निघालेले आकडे कम्बाइनच्या आकड्यांशेजारी मांडले जातात, तेव्हा हे कुणी मिळवत नाही. बो जॅक्सनचा १९८६ सालचा ४.१२ हा दंतकथेतला आकडा असाच हातघड्याळाचा. तो माणूस अफाट वेगवान होता यात वाद नाही. पण ४.१२ हा आकडा ४.२१ च्या शेजारी ठेवायचा नाही, एवढंच.

बोल्टला मधे आणणारच कुणीतरी

सोमवारी मॅनेजर नवा मुद्दा घेऊन आला. २०१९ मध्ये अटलांटात सुपर बोलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, जत्रेत निवृत्त उसेन बोल्ट साध्या बुटांवर ४० यार्ड पळाला होता आणि वेळ आली होती ४.२२. "म्हणजे वर्दी बोल्टपेक्षा वेगवान!"

मी बोल्टची बर्लिनची शंभर मीटरची शर्यत काढली. २००९, ९.५८ सेकंद. तिचे टप्प्याटप्प्याचे आकडे उपलब्ध आहेत: ३० मीटरला ३.७८, ४० मीटरला ४.६४. यांच्यामध्ये ३६.५८ मीटर कुठे येतं ते त्रैराशिकाने काढलं तर साधारण ४.३५. मॅनेजरचा चेहरा उजळला. मग मी त्यातून बोल्टचा पिस्तूल ऐकून हलेपर्यंतचा वेळ काढला, ०.१४६ सेकंद. राहिले ४.२०. आणि इंडियानापोलिसचं बोट जसं उशिरा दाबलं जातं तसं इथेही दाबलं असतं, तर आकडा चारच्या आसपास आला असता. बोल्टच्या पायात खिळ्यांचे बूट होते, मागे पाय रेटायचे ब्लॉक होते, हेही खरं. पण बोल्ट हा सुरुवातीला सर्वांत चपळ मानला जाणारा धावपटू कधीच नव्हता. त्याची खरी मजा साठ मीटरच्या पुढे.

दोन्हीकडची घड्याळं एकमेकांशी जुळवायला लावली की 'फुटबॉलपटू ऑलिंपिकवाल्यांना हरवतील' हा अमेरिकन टीव्हीवरचा लाडका विषय तिथल्या तिथे संपतो. २०१७ मध्ये रॉसच्या विक्रमानंतर टेनेसी विद्यापीठाचा ख्रिश्चन कोलमन हिरवळीवर ४० यार्ड पळाला आणि त्याच्या व्हिडिओत वेळ दिसली ४.१२. तो फुटबॉलपटू नव्हता, धावपटू होता. दोन वर्षांनी तोच शंभर मीटरचा विश्वविजेता झाला.

मग तुलना करायचीच नाही का?

डेटाबेसवालीने इथे विजयाची पोज घेतली. म्हणजे सगळे आकडे निरर्थक, रॉस अजून पहिलाच! मला तिलाही थांबवावं लागलं. आकडे निरर्थक नाहीत. शंभर ग्रॅमच्या काट्यावर सोनं तोलू नये, पण कांदे जरूर तोलावेत.

वर्दीचेच त्या शनिवारचे दोन आकडे बघा. पहिली धाव ४.२५, दुसरी ४.२१. माणूस तोच, बूट तेच, मैदान तेच, मधे थोडा वेळ. फरक ०.०४. म्हणजे वर्दी आणि वर्दी यांच्यातलं अंतर वर्दी आणि रॉस यांच्यातल्या अंतराच्या चौपट. आणि दुसऱ्या धावेनंतर टीव्हीवर आधी अनधिकृत ४.२२ झळकलं होतं, म्हणजे रॉसशी बरोबरी. थोड्या वेळाने अधिकृत ४.२१ आलं. एकाच धावेची दोन उत्तरं, आणि विक्रम त्यांच्या बरोबर मधून गेलेला.

आता त्याच दिवशी, त्याच रेषेवर पळालेला दुसरा मुलगा घ्या: अडोनाय मिचेल. हाही टेक्सासचाच, वर्दीचा जोडीदार, आणि शुगर बोलमधला तो शेवटचा पास याच्याचसाठी होता. त्याची वेळ ४.३४. फरक ०.१३. जमिनीवर सव्वा-दीड मीटर. बोटाचा दोष जमेला धरला तरी हा फरक उरतोच. म्हणून वर्दी मिचेलपेक्षा सरळ रेषेत वेगवान आहे, हे मी छातीठोकपणे सांगितलं. मॅनेजरला त्यात काही रस नव्हता, कारण दोघेही त्याचेच.

पण मिचेलला बघताना दुसरीच गोष्ट लक्षात येते. तो २०५ पौंडांचा, म्हणजे ९३ किलो. वर्दी १६५ पौंड, जेमतेम ७५ किलो. अठरा किलोचा फरक. तांदळाचं अर्धं पोतं नसलं तरी त्याच्या जवळपास जाणारं ओझं घेऊन मिचेल दीड मीटरच मागे राहिला. हा हिशोब करायला २००८ मध्ये बिल बार्नवेल या लेखकाने एक सूत्र काढलं, त्याला स्पीड स्कोअर म्हणतात. पौंडांतलं वजन गुणिले २००, भागिले वेळेचा चौथा घात. ते मुळात चेंडू घेऊन घुसणाऱ्या रनिंग बॅकसाठी होतं; मी ते रिसीव्हरांना लावून बघितलं, ही माझी आगाऊपणाची हद्द समजा. वर्दी १०५. मिचेल ११६ च्या जरा खाली. १८८ पौंडांचा रॉस ११९ च्या जरा खाली. आणि मिसिसिपीचा डीके मेटकाफ, जो २०१९ मध्ये २२८ पौंडांचा देह घेऊन ४.३३ मध्ये पळाला होता, तो जवळजवळ १३०.

घड्याळावर पहिला असलेला या चौघांत शेवटचा. वर्दी कमी ठरला असा याचा अर्थ नाही. प्रश्न बदलला की रांग बदलते. अंगावर धडक देणारा माणूस उभा असेल तिथे ७५ किलोचा वेग आणि १०३ किलोचा वेग यांची किंमत एक नसते.

सामन्यात घड्याळ नसतं

याच मेटकाफची एक गंमत. ऑक्टोबर २०२० मध्ये, व्यावसायिक झाल्यावर, त्याच्या संघाचा पास प्रतिस्पर्धी संघातल्या बुडा बेकरने मधेच झेलला आणि तो चेंडू घेऊन मोकळ्या मैदानात पळत सुटला. मेटकाफ कितीतरी मागून निघाला आणि गोलच्या अलीकडे त्याला खाली पाडलं. खांद्याच्या गाद्यांत बसवलेल्या रेडिओ चिपांवरून त्याचा सर्वोच्च वेग निघाला ताशी २२.६४ मैल, म्हणजे ३६.४ किलोमीटर. सगळे म्हणू लागले, याला ऑलिंपिकला पाठवा. मे २०२१ मध्ये तो खरोखर शंभर मीटरच्या शर्यतीत उतरला. १०.३६ सेकंद. आपल्या हीटमध्ये शेवटचा. मला विचाराल तर त्या देहाला १०.३६ हा चमत्कारच आहे, पण व्यावसायिक धावपटूंच्या लेनमध्ये उभं राहिल्यावर 'वेगवान' या शब्दाचा अर्थच दुसरा होतो.

कॉलेजच्या सामन्यांतही आता जर्सीखाली, दोन खांद्यांच्या मधे, जीपीएसची डबी असते. त्यातून निघालेले ताशी मैलांचे आकडे विद्यापीठं अभिमानाने टाकतात. ते मला ४० यार्डांपेक्षा जास्त आवडतात, कारण ते खेळताना निघालेले असतात. पण एका कॉलेजची डबी आणि दुसऱ्या कॉलेजची डबी, किंवा जीपीएस आणि व्यावसायिकांच्या रेडिओ चिपा, यांचे आकडे शेजारी मांडताना पुन्हा तोच धोका. एकाच संघात, एकाच यंत्रावर, या आठवड्याचा मुलगा आणि गेल्या आठवड्याचा तोच मुलगा, यासाठी ते उत्तम.

आकडाच नको असेल तर नेट विगिन्स बघावा. क्लेमसनचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरांना अडवणारा. नोव्हेंबर २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा ओमारियन हॅम्प्टन चेंडू बगलेत मारून गोलकडे निघाला होता. विगिन्स मागून आला, गोलरेषेच्या तोंडाशी त्याला गाठलं आणि चेंडूवर मागून असा ठोसा मारला की तो हातातून सुटला. वर्दीच्या आदल्या दिवशी कम्बाइनमध्ये विगिन्सची वेळ आली ४.२८. नानांना मी तो व्हिडिओ दाखवला. ते तीन वेळा बघून म्हणाले, "खो-खोचा पोरगा आहे हा." त्यांच्या मते पळणं आणि धरणं ही दोन वेगळी कामं. सरळ पळणारा खांबापाशी वळताना घसरतो, आणि सामना जातो तो तिथेच.

अंतर बदललं तरी रांग बदलते, याचा जुना दाखला २०१० चा आहे. त्या वर्षी कम्बाइनला दोन खरेखुरे धावपटू आले होते. क्लेमसनचा जेकोबी फोर्ड २००९ चा कॉलेजांचा साठ मीटरचा विजेता. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा ट्रिंडन हॉलिडे त्याच वर्षीचा शंभर मीटरचा विजेता, १०.०० सेकंदांची वेळ नावावर असलेला. ४० यार्डांना फोर्ड ४.२८, हॉलिडे ४.३४. शंभर मीटरचा राजा छोट्या अंतरात मागे. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. साठला जिंकणारा छत्तीसला पुढे असायचाच.

निकाल

दोन आठवड्यांनी मी निकाल दिला. ४.२१ हा विक्रमाच्या वहीतला आकडा आहे आणि तो वर्दीचा आहे. त्यावर अपील नाही. पण 'वर्दी रॉसपेक्षा वेगवान आहे' हे वाक्य या पुराव्यावर सिद्ध होत नाही. 'दोघेही ४० यार्डांत इतर जवळपास सगळ्यांपेक्षा वेगवान आहेत' हे होतं. पाऊस पडून सामना रद्द. मॅनेजर म्हणाला, हे सरळसरळ सिएटलच्या बाजूचं आहे. ती म्हणाली, पंचाला विकत घेतलंय. यावरून माझी खात्री पटली की निकाल बरोबर असावा. बार्बेक्यू झालं, टीटीएमएम.

संघांनी काय निकाल दिला तेही सांगून टाकतो. २०१७ मध्ये सिनसिनाटीने रॉसला नवव्या क्रमांकावर उचललं होतं. त्या वेळी एका बूट कंपनीने, आमचे बूट घालून विक्रम मोडला तर एक बेट देऊ, अशी जाहिरात केली होती. रॉसच्या पायात नेमके दुसऱ्या कंपनीचे बूट होते. पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही, आणि पुढेही नवव्या क्रमांकाला शोभेल असं फार काही घडलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये वर्दी, विक्रम नावावर असूनही, अठ्ठाविसाव्या क्रमांकापर्यंत थांबला आणि कॅन्सस सिटीकडे गेला. ते ७५ किलो संघांना दिसत होतेच. पहिल्या व्यावसायिक सामन्यात त्याच्या हातात पहिल्यांदा चेंडू आला तेव्हा तो २१ यार्ड पळून थेट गोलच्या पट्ट्यात गेला. मोसमाच्या शेवटी सुपर बोलमध्ये त्याने ८ झेल घेऊन १५७ यार्ड काढले, दोन टचडाउन केले, म्हणजे दोनदा चेंडू गोलच्या पट्ट्यात नेला. संघ मात्र ४०-२२ असा हरला. मॅनेजर ही मापं पुराव्यात दाखल करा म्हणून मागे लागला होता. मी ती नाकारली. ती झेलण्याची मापं आहेत.

आणि आमच्या मैदानावरच्या धावेचा निकाल नानांनी नियमाप्रमाणे लावला. तीन घड्याळं तीन वेळा दाखवत असतील तर मधली धरायची: ६.०२. हातघड्याळाची वेळ वरच्या दशांशाला न्यायची, खालच्या नाही: ६.१. तसं त्यांनी खिशातल्या वहीत, कंसात 'हात' असं लिहून, तारीख टाकून नोंदवलं आणि लेकीला दाखवलं. तिने मान डोलावली. संध्याकाळी मैत्रिणीशी फोनवर बोलताना मी ऐकलं, ती ५.८८ सांगत होती.